कुंथलगिरीच्या वाटेवर मोजकेच सामान

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी अशी राष्ट्रीय महामार्ग ५२ ची वाट कुंथलगिरीच्या यात्रेकरूंना परिचित आहे. हल्ली काही तरुण ही यात्रा मोटारसायकलीने करतात. घरच्या वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते ती वाहनाची; परंतु मागे बांधलेले सामानही तितकेच घातक ठरू शकते.

पहिल्या प्रवासात मी तीन पिशव्या एकावर एक रचून मागे आवळल्या होत्या. तुळजापूरचा घाट चढताना पुढचे चाक हलके पडले आणि हँडल थरथरू लागले. भार मागे आणि उंच गेला की असेच व्हायचे. म्हणून जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारख्या वाटून ठेवाव्यात. पट्ट्यांची मोकळी टोके साखळीत अडकणार नाहीत, हेही पाहावे.

मग न्यावे काय? दोघांनाही आयएसआय चिन्हांकित हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. चामडे वर्ज्य असणाऱ्यांना हे जाड कापडी किंवा कृत्रिम कातड्याचेही मिळतात. परवाना, नोंदणीपत्र, विमा व पीयूसी. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या पट्ट्या व छोटा पंप. नसेल तर जादा ट्यूब. क्लचची तार, स्पार्क प्लग, पाना. प्रथमोपचाराची पेटी आणि खिशात एक चिठ्ठी: रक्तगट, नेहमीची औषधे, घरचा दूरध्वनी. मोबाइल बंद पडला तरी ही चिठ्ठी बोलते. आपत्काली ११२ आणि महामार्गावर १०३३ हे क्रमांक लक्षात असू द्यावेत.

शिदोरीला आपली कडक भाकरी, बिनलसणाची शेंगाचटणी आणि उकळून गार केलेले पाणी पुरे. थंडीत पहाटे निघताना सोलापुरी चादरीचा मोह होतो. पण ती भिजली की जड होते. त्यापेक्षा वारा अडवणारे जाकीट बरे.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम येथे फार उपयोगी पडतो. त्या वेळेच्या हिशेबाने निघाले, की अंधारात गाडी हाकण्याची पाळी सहसा येत नाही. तरी विजेरी जवळ असावीच.

कुंथलगिरीवरच आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखनापूर्वक देह ठेवला. पिच्छी आणि कमंडलू घेऊन त्यांनी पायी केवढा देश पालथा घातला! आपण गृहस्थ, आपल्याला थोडे अधिक लागणारच. तरीही निघण्याच्या आदल्या रात्री पिशवी एकदा पुन्हा उघडावी आणि ज्यावाचून अडणार नाही ते घरीच ठेवावे. वाट पाहणाऱ्या आईला त्याहून मोठा दिलासा नाही.