स्टुडिओतील व्यक्तिछायाचित्रण : फ्लॅश, रंगीत जिलेटिन आणि सावळी त्वचा

प्रस्तावना :

रंगीत प्रकाश रंगभूमीला नवा नाही. दिव्यापुढे रंगीत पापुद्रा धरून रंगमंचावर पहाट वा चांदणे निर्माण करण्याची रीत जुनी असून पूर्वी हे पापुद्रे खरोखरच जिलेटिनचे असत. उष्णतेने ते ठिसूळ होत आणि पाणी लागल्यास विरघळत. त्यांची जागा आता पॉलिएस्टर व पॉलिकार्बोनेटच्या फिल्मने घेतली असली, तरी आपल्याकडे ‘जिलेटिन पेपर’ हेच नाव रूढ आहे. स्टुडिओतील फ्लॅशपुढे हाच कागद लावून व्यक्तिछायाचित्रात रंग आणला जातो. छायाचित्रणाच्या प्रात्यक्षिकांत हा विषय बहुधा ‘आकर्षक परिणाम’ या सदराखाली उरकला जातो. वस्तुतः प्रकाशाचे भौतिकशास्त्र आणि माणसाच्या त्वचेचा वर्ण यांची गाठ येथे पडते. प्रस्तुत लेखात तिचेच विवेचन केले आहे.

जिलेटिनचे कार्य :

जिलेटिन प्रकाशात रंग मिसळते, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते रंग वजा करते. फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विन वर्णतापमानाचा, म्हणजे दुपारच्या उन्हाशी मिळताजुळता असतो व त्यात सर्व तरंगलांबी असतात. निळे जिलेटिन त्यातील तांबडा व हिरवा भाग शोषून घेते आणि निळा तेवढा पुढे जाऊ देते. म्हणूनच रंग जितका गडद, तितकी प्रकाशाची हानी अधिक. ज्या जिलेटिनमधून केवळ ३ टक्के प्रकाश पार होतो, त्यामुळे सुमारे ५ स्टॉपची घट होते. ‘काँगो ब्ल्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिगडद निळ्याची पारगम्यता तर १ टक्क्याच्या आसपासच असते.

ही घट भरून काढण्यासाठी फ्लॅशची शक्ती वाढविली जाते आणि येथेच पहिली फसगत होते. कोणतेही जिलेटिन इतर रंग पूर्णपणे अडवीत नाही. लाल जिलेटिनमधून थोडा हिरवा व निळा प्रकाशही निसटतो. एक्स्पोजर वाढत गेले की कॅमेऱ्याच्या संवेदकातील लाल वाहिनी भरून थांबते, हिरवी व निळी मात्र वाढत राहतात. परिणामी लाल रंग फिकट गुलाबी होतो. गडद रंग हवा असल्यास प्रकाश कमी ठेवावा लागतो. हा नियम नवशिक्याला उलटा वाटतो खरा, पण एकाच भिंतीवर तीन वेगळ्या शक्तींनी फ्लॅश टाकून पाहिल्यास तो क्षणात पटतो.

पांढऱ्या प्रकाशाचे अतिक्रमण :

रंगाचा खरा शत्रू म्हणजे दुसऱ्या दिव्याचा सांडलेला पांढरा प्रकाश. मुख्य फ्लॅश चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे असे धरू. पार्श्वभूमी चेहऱ्याच्या मागे १ मीटरवर असेल, तर तेथे पोहोचणारा प्रकाश व्यस्त वर्गाच्या नियमानुसार एक चतुर्थांश, म्हणजे केवळ २ स्टॉप कमी असतो. तीच पार्श्वभूमी ३ मीटर मागे नेली, तर अंतर ४ मीटर होऊन प्रकाश एक षोडशांश, म्हणजे ४ स्टॉप कमी होतो. पहिल्या स्थितीत पार्श्वभूमीवरील जांभळा पुसट होतो, दुसऱ्या स्थितीत तो टिकतो. जागा अपुरी असल्यास मुख्य दिव्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी लावून प्रकाश आवरावा लागतो. पांढऱ्या पडद्याऐवजी करडा किंवा काळा पडदा वापरल्यासही हे अतिक्रमण कमी जाणवते.

याच तत्त्वावर एक चतुर रचना आधारलेली आहे. मुख्य फ्लॅशला नारिंगी रूपांतरक जिलेटिन लावून त्याचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विनवर आणावयाचा आणि कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्सही तेथेच स्थिर करावयाचा. चेहरा स्वाभाविक दिसतो. पार्श्वभूमीवरील फ्लॅश मात्र कोणतेही जिलेटिन नसताना निळा दिसतो. व्हाईट बॅलन्स स्वयंचलित ठेवल्यास कॅमेरा मुद्दाम आणलेला रंग दोष समजून पुसू पाहतो.

त्वचेचा प्रश्न :

त्वचेतील मेलॅनिन लघु तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषते. रक्तातील हिमोग्लोबिन निळा व हिरवा प्रकाश शोषते आणि लाल बव्हंशी परत पाठविते. लाल प्रकाशात मुरुमांचे डाग नाहीसे होतात आणि निळ्या प्रकाशात तेच ठळक होतात, याचे कारण हेच. मात्र लाल प्रकाशात चेहऱ्याचा जवळजवळ सर्व तपशील एकाच वाहिनीवर नोंदला जातो. ती वाहिनी भरून गेली तरी तेजस्वितेचा एकत्रित आलेख निर्धोक दिसू शकतो आणि गालाचा पोत कायमचा हरवतो. म्हणून तिन्ही वाहिन्यांचे आलेख स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

सावळ्या वा काळ्या त्वचेवर समोरून निळा प्रकाश टाकला की तो मोठ्या प्रमाणात शोषला जाऊन चेहरा मळकट दिसतो. यावर सर्रास योजिला जाणारा उपाय म्हणजे पांढरा मुख्य प्रकाश वाढविणे. लग्न जुळविण्यासाठी काढलेल्या छायाचित्रांत चेहरा उजळ करून देण्याची सवय जडलेल्या आपल्या स्टुडिओंना तो स्वाभाविक वाटतो, यात नवल नाही. परंतु त्याने दुहेरी नुकसान होते : रंग धुऊन निघतो आणि समोर बसलेल्या व्यक्तीचा स्वतःचा वर्णही. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांतील छपाई ‘शर्ली कार्ड’ नावाच्या, दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असलेल्या नमुन्याशी जुळवून घेतली जात असे. ते कार्ड मागे पडले. गोरी त्वचा हेच प्रमाण मानण्याची दृष्टी मात्र अद्याप पुरती गेलेली नाही.

योग्य उपाय प्रकाशाच्या कोनात आहे. त्वचेवरून परावर्तन दोन प्रकारे होते. जो प्रकाश आत शिरून परततो, तो त्वचेचा वर्ण घेऊन येतो. जो पृष्ठभागावरूनच परततो, ती झळाळी होय, आणि तिचा रंग दिव्याचा असतो. त्वचा गोरी की काळी याचा तिच्यावर परिणाम होत नाही. किंबहुना सावळ्या त्वचेवर ती अधिक उठून दिसते. तेव्हा निळे जिलेटिन लावलेला मोठा सॉफ्टबॉक्स समोर न ठेवता बाजूला, किंचित मागे असा ठेवावा की गालफड, नाकाची कड व खांदा यांवरून त्याची झळाळी कॅमेऱ्याकडे येईल. चेहऱ्याच्या पुढील भागावर बेताचा पांढरा वा किंचित उबदार प्रकाश पुरतो, आणि तो निळ्या कडेवर सांडू नये एवढी दक्षता घ्यावी लागते. अशा रचनेत निळा निळा राहतो व सावळा सावळा.

मांडणी तपासताना मॉडेलिंग दिव्यावर विसंबू नये. जुन्या संचांतील हॅलोजन दिवा सुमारे ३००० केल्विनचा असल्याने त्याच्या प्रकाशात निळे जिलेटिन प्रत्यक्षाहून निस्तेज भासते. शिवाय कागद त्याला चिकटवून ठेवल्यास तो वितळतो. म्हणून जिलेटिन परावर्तकाच्या बाहेरील कडेला, हवा खेळती राहील असे लावावे.