सागरमाळावरचे विद्यापीठ

दक्षिण महाराष्ट्रात शिक्षणाची आस नवी नव्हती. नवे होते ते एवढेच की, त्या शिक्षणावर शिक्कामोर्तब करणारे दप्तर १९६२ साली प्रथमच याच मुलखात आले. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० पासून चालत होते, राजर्षी शाहूंनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली होती, आणि ज्या १९१९ साली सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय निघाले, त्याच साली काले या खेड्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. परंतु या साऱ्या उद्योगाची अखेर ज्या पदवीत व्हायची, ती आधी मुंबई विद्यापीठाची व १९४९ नंतर पुणे विद्यापीठाची असे. अभ्यासक्रम तिकडे ठरत, परीक्षक तिकडून नेमले जात, आणि पदव्युत्तर शिक्षणाची इच्छा धरणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला परगावच्या खाणावळीचा खर्च परवडेल की नाही, यावरच पुष्कळदा त्याच्या विद्येची मर्यादा ठरे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा ईशान्य सरहद्दीवर चीनचे आक्रमण चालू होते. अशा घटकेला तत्त्वज्ञ राष्ट्रपतींनी एका नव्या विद्यापीठासाठी सवड काढावी, हे आज वाचताना नवल वाटते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व रत्नागिरी एवढा विस्तीर्ण प्रदेश, ३४ महाविद्यालये, सुमारे १४,००० विद्यार्थी आणि अवघे ५ पदव्युत्तर विभाग, ही आरंभीची शिल्लक. जागा मिळाली ती कोल्हापूर शहराबाहेरच्या सागरमाळावर, आणि ती माळ या नावाला साजेशीच होती. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे मूळचे इतिहाससंशोधक. ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादन करणाऱ्या या विद्वानाने इमारती, झाडे आणि प्राध्यापक या तिहींची जुळवाजुळव एकाच चिकाटीने केली. आज त्या आवारात विहिरी व तळी आहेत, सावली आहे. पण झाडे लावणे हे कुलगुरूंच्या कर्तव्यांत कोणत्याही कायद्याने घातलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अभ्यासक्रमांकडे पाहिले तर दोन प्रवाह दिसतात. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र यांसारखे विषय कोणत्याही विद्यापीठास हवेतच. त्यांतही पदार्थविज्ञान विभागाने पातळ थरांच्या संशोधनात जो लौकिक मिळवला, तो प्रदेशाच्या सीमेबाहेर पोहोचला. मला अधिक मोलाचे वाटतात ते या मातीतून उगवलेले विषय. ऊस, भाजीपाला आणि द्राक्षे पिकवणाऱ्या मुलखाच्या विद्यापीठाने कृषिरसायने व कीडव्यवस्थापन हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय करावा, ग्रामीण विकासासाठी यशवंतराव चव्हाणांच्या नावाने अध्ययनकेंद्र काढावे, आणि शाहू संशोधन केंद्रातून समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी राजर्षींचे कागद खंडाखंडांनी प्रसिद्ध करावेत, यात अनुकरणापेक्षा आत्मभान अधिक आहे. ज्या राजाच्या वसतिगृहांत या प्रदेशाची पहिली शिकलेली पिढी वाढली, त्याच्याच हुकूमनाम्यांचा अभ्यास तिच्या नातवंडांनी करावा, हा योग सहजी येत नाही. ‘कमवा व शिका’ हे कर्मवीरांचे सूत्रही विद्यापीठाने उचलले. काही तास काम करून त्यावर राहण्याजेवणाचा भार भागवणारा विद्यार्थी तेथे अपवाद मानला जात नाही.

तथापि संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ हे पुष्कळ अंशी परीक्षांचे खाते असते, आणि हे विद्यापीठ त्यास अपवाद नाही. उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पावसाळ्याच्या तोंडावर निकालाची वाट, आणि मागाहून गुणपत्रिकेतील नावाची वेलांटी दुरुस्त करून घेण्यासाठी चंदगडहून एस.टी.ने आलेला, हाती चलनाची पावती घेऊन खिडकीशी उभा राहिलेला मुलगा, हेही या इतिहासाचे पान आहे. आंबा घाट चढून येणाऱ्या रत्नागिरीकरांना किंवा आंबोलीमार्गे येणाऱ्या सावंतवाडीकरांना तर ही फेरी पावसाळ्यात अधिकच जड जाई. पुढे कोकण मुंबई विद्यापीठास जोडले गेले, ते त्यांच्या सोयीचे झाले की नाही, हा वाद कोकणातच ऐकावा.

सोलापूर २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ होऊन बाहेर पडले, आणि उरलेल्या ३ जिल्ह्यांतही हद्द आता पूर्वीसारखी अखंड नाही: साताऱ्यातील रयत शिक्षण संस्थेची ३ महाविद्यालये २०२१ मध्ये कर्मवीरांच्या नावाच्या समूह विद्यापीठात गेली, आणि काही जुनी महाविद्यालये स्वायत्त झाली. ज्या संस्थांच्या पदव्यांसाठी हे विद्यापीठ मागितले गेले, त्याच संस्था आता आपापल्या शिक्क्याच्या धनी होत आहेत. कारभाराचा पसारा असा हलका होत गेला, तर परीक्षा विभागात गुंतलेले मनुष्यबळ सागरमाळावरच्या विभागांकडे व प्रयोगशाळांकडे न वळवण्यास आता सबब उरत नाही.