जीवरक्षकाचं सामान

अबू धाबीतल्या उंच इमारतींत गच्चीवर नाहीतर पोडियमवर पोहण्याचा तलाव असतो आणि त्याच्या कडेला लाल-पिवळ्या कपड्यांतला जीवरक्षक बसलेला असतो. रहिवाशांना तो तेवढाच दिसतो. अशा जीवरक्षकांपैकी कित्येकांची खोली मुसफ्फात असते, पहाटे कंपनीची बस त्यांना तिथूनच शहरात आणते. त्यांच्या खांद्यावरची ट्यूब, गळ्यातली शिट्टी आणि भिंतीवर टांगलेली रिंगही बऱ्याचदा तिथल्याच एखाद्या गोदामातून आलेली असते. शहराच्या दक्षिणेला, पूल ओलांडला की लागणारा हा औद्योगिक भाग. कामगार त्याला ‘सनैया’ म्हणतात. गॅरेज, लोखंडाची वखार, वेल्डिंगचं दुकान, कामगारांच्या वसाहती आणि एम-९, एम-३७ असे नुसत्या आकड्यांचे पत्ते.

इमारतींच्या सुरक्षेचं काम पाहत असल्यामुळे उन्हाळ्याआधी जीवरक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात मी जातो. नव्या सामानाची निवड तेव्हा होते; अशाच एका दिवसाची ही हकीकत. कंपनीचा पर्यवेक्षक केरळचा, खरेदी पाहणारा माणूस हैदराबादचा, आणि सामान हाताळून बघायला बोलावलेले जीवरक्षक नेपाळ, श्रीलंका, फिलिपीन्स आणि कोकणातले. जीवरक्षकांना बोलावण्याची पद्धत पर्यवेक्षकाने पाडली. ती मला फार महत्त्वाची वाटते. कारण खरेदीची यादी बहुतेक ठिकाणी तपासणी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. रिंग आहे का, आहे. मास्क आहे का, आहे. खूण केली की संपलं. ती वस्तू कोणाच्या हातात जाणार, तो हात ओला असणार का आणि त्या माणसाला मदतीला दुसरं कोणी असणार का, हे यादी विचारत नाही.

रिंगेचंच बघा. मुसफ्फाला बंदर आहे, त्यामुळे जहाजांचं सामान विकणारी दुकानंही आहेत. तिथे मिळणारी नारिंगी रिंग दिसायला दणकट, वर चमकणाऱ्या पट्ट्या, कडेने दोर. खरेदीवाल्याला ती पसंत पडते, कारण तिच्यावर आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का असतो. शिक्का खरा आहे, पण तो जहाजासाठी. समुद्री जहाजांच्या नियमानुसार रिंगेचं वजन कमीत कमी अडीच किलो हवं, बाहेरचा व्यास ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आतला ४०० पेक्षा कमी नको, आणि साडेचौदा किलो लोखंड बांधून गोड्या पाण्यात टाकली तर ती २४ तास तरंगली पाहिजे. उंच डेकवरून वाऱ्यात टाकायची वस्तू, तिला वजन हवंच. इमारतीचा तलाव मात्र आठ-दहा पावलं रुंद. बुडणारं मूल चार हातांवर असतं. देवगडच्या एका जीवरक्षकाने ती रिंग उचलून हातात तोलली आणि मला म्हणाला, “काका, ही डोक्यार पडली तर माणूस बुडूच्या आधीच जातलो.” आम्ही तिच्या निम्म्या वजनाची रिंग घेतली.

दोराची परीक्षा वेगळी. पॉलिप्रॉपिलिनचा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. तरंगणारा दोर हवा, म्हणजे बुडणाऱ्याचा हात त्यावर पडतो आणि तो कोणाच्या पायात अडकत नाही. पण उन्हाने पॉलिप्रॉपिलिन लवकर ठिसूळ होतं. जुना दोर चिमटीत धरून उलट पिळला की त्याचा पांढरा भुगा बोटांना लागतो. बाहेरून पिवळाधमक दिसणारा दोर असा पिळल्यावर बोटांवर उतरताना मी पाहिला आहे, तेव्हापासून दोराचा रंग बघून मी समाधान मानत नाही. त्या दिवशी गोदामातल्या जुन्या दोरांतले बरेचसे बाद झाले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेस्क्यू ट्यूबवर, आणि तो जायलाच हवा होता. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर पीट पीटरसन नावाच्या जीवरक्षकाने हवा भरायची रबरी नळी तयार केली. आजची फोमची लाल ट्यूब तिच्याच वंशातली. लांबी साधारण एक मीटर ते सव्वा मीटर, एका टोकाला पट्टा, मध्ये दोरी. जीवरक्षक पट्टा खांद्यावरून तिरका घालतो आणि ट्यूब मांडीवर आडवी धरून बसतो. तिचं मुख्य काम बुडणारा आणि वाचवणारा यांच्या मधे येणं. घाबरलेला माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो. ट्यूब मधे नसेल तर तो वाचवणाऱ्यावर चढतो आणि दोघेही खाली जातात.

नेपाळच्या मुलाने नवी ट्यूब घेतली, पट्टा घातला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उडी मारल्यासारखा झटक्याने उठला. दोरी खुर्चीच्या हातात अडकली आणि खुर्ची त्याच्या मागोमाग ओढली गेली. उरलेली दोरी गोळा करून मुठीत धरायची, हे प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात, त्यालाही ठाऊक होतं. पण ती दोरी इतकी लांब होती की घड्या केल्यावर मुठीत मावत नव्हती. समुद्रावर लांब दोरी हवी, कारण वाचवणारा पुढे पोहत असतो आणि ट्यूब मागून येते, तिचा पायांना अडथळा होता कामा नये. इमारतीच्या तलावासाठी आम्ही आखूड दोरीची निवडली. मग पर्यवेक्षकाने अंगठ्याने फोम दाबून पाहिला. दाबलेला खळगा लगेच भरून आला तर ठीक. राहिला तर आतला फोम बसलेला आहे. ट्यूब मधोमध वाकवून कातडीवर चिरा दिसतात का, हे पाहिलं. पट्टा जिथे शिवला आहे तिथली शिवण नखाने ओढून पाहिली. गोदामाच्या मागे पाण्याची एक मोठी टाकी आहे, तिच्यात दोघांनी एकाच ट्यूबवर भार टाकून बघितलं. एवढं झाल्यावर चार नमुन्यांतला एक उरला. तो सगळ्यांत स्वस्त नव्हता, सगळ्यांत महागही नव्हता.

इतका कीस कशासाठी? न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून दाखवून दिलं की खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत राहतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग हाक कुठून मारणार? हात बाजूला पसरून तो पाणी खाली दाबत राहतो. हे सगळं २० ते ६० सेकंदांत आटोपतं. जेफ एलिस यांच्या संस्थेने रुजवलेला १०/२० चा दंडक म्हणूनच आहे: १० सेकंदांत ओळखायचं, पुढच्या २० सेकंदांत पोहोचायचं. या २० सेकंदांत दोरी सोडवत बसायला जागा नाही.

शिट्टीवर वाद झालाच नाही. आत गोळी नसलेली शिट्टी, बस्स. गोळीची शिट्टी पाणी गेलं की अडकते, ऐन वेळी नुसती फुंकर ऐकू येते. कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची गोळीवाली शिट्टी सामन्यात दगा देत असे. म्हणून त्यांनी बिनगोळीची फॉक्स ४० काढली, १९८७ मध्ये ती बाजारात आली आणि तिचा सगळ्यांत मोठा फायदा पाण्याजवळ काम करणाऱ्यांना झाला.

खरा वाद झाला श्वास देण्याच्या साधनावर. खरेदीवाल्याच्या यादीत अंबू बॅग होती, म्हणजे हाताने दाबायची पिशवी आणि तिला जोडलेला मास्क. दवाखान्यात दिसते म्हणून ती जास्त ‘मेडिकल’ वाटते. पण ती नीट वापरायला दोन माणसं लागतात: एकाने दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने पिशवी दाबायची. एकट्याने केलं तर कडेने हवा निसटते आणि छाती वर येत नाही. या इमारतींच्या तलावावर जीवरक्षक एकच असतो. त्याच्यासाठी पॉकेट मास्क योग्य. दोन्ही हातांनी धरता येतो, फुंकायला स्वतःचं तोंड आहे आणि एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप असल्यामुळे रुग्णाची उलटी आपल्या तोंडात येत नाही. तान्ह्या बाळासाठी तोच मास्क उलटा फिरवून, अरुंद टोक हनुवटीकडे करून, चेहराभर बसवता येतो.

आम्ही सरावाच्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर सनक्रीम चोळलं, वर पाणी ओतलं आणि एकेकाला मास्क धरायला सांगितलं. दोन नमुन्यांचे मास्क घसरले. त्यांची कड कडक होती. मऊ, हवा भरलेल्या कडेचा मास्क बसला. पुतळ्याची छाती वर आली आणि श्रीलंकेच्या जीवरक्षकाने मान न उचलता दुसरा श्वास दिला. बुडालेल्याच्या बाबतीत हा श्वासच आधी हवा. एरवी अचानक कोसळलेल्या माणसाचं हृदय आधी बंद पडलेलं असतं, म्हणून छाती दाबण्यापासून सुरुवात करतात. बुडालेल्याचा आधी प्राणवायू संपतो, हृदय त्यानंतर थांबतं. युरोपीय मार्गदर्शक सूचना म्हणून सुरुवातीलाच पाच श्वास द्यायला सांगतात. नुसती छाती दाबत राहिलं तर प्राणवायू नसलेलं रक्तच शरीरभर फिरत राहणार. मास्क प्रत्येकाला स्वतःचा मिळावा, भिंतीवरच्या पेटीत एक नको, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. तो कमरेच्या पिशवीत राहील, सोबत नायट्राइल हातमोजे, नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे. ओल्या हातावर बरोबर मापाचा मोजा चढत नाही, हे तिथे ज्याने-त्याने करून पाहिलं.

मुसफ्फाचा उन्हाळा हे या निवडीतलं न दिसणारं गिऱ्हाईक आहे. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत तापमान साठीच्या पुढे जातं. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र, बहुतेक कंपन्यांच्या सूचनेप्रमाणे ० ते ५० अंशांत ठेवायचं असतं. त्याच्या चिकटपट्ट्यांवरची जेल उष्णतेने सुकते आणि सुकलेली पट्टी छातीला चिकटत नाही. एका इमारतीत मी हे यंत्र गच्चीवरच्या पत्र्याच्या कपाटात ठेवलेलं पाहिलं होतं. तलावाच्या जवळ हवं म्हणून चांगल्या हेतूने ठेवलेलं, वर तारखेची चिठ्ठी ताजी. पट्टी उघडली तर कडेला पापुद्रे सुटलेले. म्हणून यंत्र कुठलं घ्यायचं याच्याइतकंच ते कुठे ठेवायचं हे महत्त्वाचं. आम्ही जागा ठरवली: लिफ्टच्या बाहेर, थंड केलेल्या मार्गिकेत, तलावाच्या दाराला लागून. सोबत टॉवेल, कात्री आणि दाढीचं ब्लेड. छाती पुसून कोरडी केल्याशिवाय पट्ट्या लावायच्या नसतात आणि रुग्ण साचलेल्या पाण्यात पडलेला नको.

उष्णता माणसालाही सोडत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्या उन्हात काम घेण्यावर अमिरातीत बंदी आहे. पण साडेतीननंतरही तलावाकाठची फरशी अनवाणी पायाला सोसवत नाही. जीवरक्षकाला सावली, लांब बाह्यांचा उन्हापासून वाचवणारा अंगरखा, रुंद कडेची टोपी, पाय न घसरणारी चप्पल आणि पाण्याची बाटली हे सगळं ‘सामान’ या सदरातच यायला हवं. आणि पोलराइज्ड चष्मा. संध्याकाळी ऊन तिरपं होतं तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग पत्र्यासारखा चमकतो आणि तळाला पडलेलं काहीही दिसत नाही. शाळेतून आलेली मुलं नेमकी त्याच वेळी पाण्यात असतात. २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांखालची मुलं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चष्म्यासाठी खरेदीवाल्याने ‘वैयक्तिक वस्तू, स्वतः घ्याव्यात’ असं म्हटलं, तेव्हा पर्यवेक्षक चिडला. मीही चिडलो.

स्पाइन बोर्डावर फार बोलणं झालं नाही. तो तरंगतो का आणि आत पाणी शिरून जड झाला आहे का, एवढं टाकीत पाहिलं. उथळ पाण्यात सूर मारून मान दुखावलेल्या माणसाला बोर्डावर घ्यायला तीन-चार जण लागतात. एकट्याने त्याची मान सरळ धरून पाण्यातच थांबायचं असतं.

देवगडचा मुलगा विहिरीत पोहायला शिकला, कमरेला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. अबू धाबीला येण्याआधी काही हंगाम त्याने गोव्याच्या किनाऱ्यावर काम केलं. २००८पासून गोव्याचे किनारे पगारी जीवरक्षकांच्या देखरेखीखाली आहेत. तिथे लाटा, ओढ, जेट स्की, सर्फबोर्ड, पायात फिन्स, आणि हाक मारली की पुढच्या मनोऱ्यावरचा सहकारी धावत येतो. त्याला इथलं पाणी सोपं वाटतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “पाणी सोपंच आहे, काका. पण इथे मी एकटा.”

त्याच्या या बोलण्यावर आम्ही सगळेच अडलो. पाण्यातून बाहेर काढलेल्या मुलाला तो श्वास देत असेल तेव्हा यंत्र कोण आणणार? रुग्णवाहिकेसाठी ९९८ला फोन कोण करणार? शेवटी पर्यवेक्षकाने सुचवलं की प्रत्येक इमारतीचा नातूर, म्हणजे खाली बसणारा रखवालदार, सरावाला बोलवायचा. त्याला श्वास द्यायला शिकवायची गरज नाही. फोनवर इमारतीचं नाव, रस्ता आणि मजला नीट सांगायचा, एईडी उचलून वर आणायचं, तलावावरच्या बाकीच्या मुलांना बाहेर काढायचं, एवढं पुरे. बंगाली बोलणारा एक नातूर त्या वेळी ट्रक खाली करायला मदत करत होता. त्याला हिंदीत हे समजावलं, तेव्हा त्याने विचारलं की रुग्णवाहिकेची माणसं आली आणि लिफ्ट विसाव्या मजल्यावर असेल तर काय. पर्यवेक्षकाने लिफ्टची किल्ली कुठे असते ते विचारलं. ती इमारतीच्या देखभालवाल्याकडे असते आणि तो पाचला घरी जातो. खरेदीच्या यादीच्या शेवटी मग आणखी एक ओळ पडली: लिफ्टच्या किल्लीची जोडप्रत, प्रत्येक इमारतीला एक, नातुराकडे.