बास्करव्हिलची अक्षरे

रोमन अक्षराच्या दंडाच्या टोकाशी जी बारीक आडवी रेघ असते, तिला मुद्रक ‘सेरिफ’ म्हणतात. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने ती रेखीव केली आणि जाड-बारीक रेघांतील फरक वाढविला. तो मूळचा सुलेखनशिक्षक. नाजूक रेघ खरखरीत कागदावर उमटत नाही. म्हणून त्याने गुळगुळीत कागद आणि दाट काळी शाई सिद्ध केली. १७५७ साली त्याचा व्हर्जिल प्रसिद्ध झाला.

या अक्षरांनी डोळे जातील, अशी ओरड झाली. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक. त्याने अशाच एका जाणकारापुढे कॅस्लनच्या अक्षरांचा नमुना, नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. गृहस्थांनी त्यातही तेच दोष दाखविले! मोनोटाइप कंपनीने १९२३ साली पुनरुज्जीवन केल्यावर मात्र दीर्घ वाचनाच्या ग्रंथांसाठी हीच अक्षरे आवर्जून निवडली जाऊ लागली.