छात्रालयाच्या कोठीत गहू कोण भरणार?

वसंतराव नाईकांच्या चरित्रात १९६३ ते १९७५ ही मुख्यमंत्रिपदाची वर्षं सगळी जागा व्यापून बसतात. त्याआधीच्या दोन नोंदींकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या हरिजन मोफत छात्रालयाचे ते अध्यक्ष होते, आणि दिग्रसच्या राष्ट्रीय मोफत छात्रालयाचेही. वकिली नुकती सुरू झालेली, १९४६ साली पुसदचं नगराध्यक्षपद आलेलं, आणि त्याच काळात हा तरुण माणूस दुसऱ्यांच्या पोरांच्या जेवणाची आणि अंथरुणाची व्यवस्था बघत होता. पुसदच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर मी या छात्रालयापासून सुरुवात करीन.

कारण साधं आहे. १ जुलै १९१३ रोजी गहुलीच्या तांड्यात जन्मलेल्या वसंतरावांना गावात शाळाच नव्हती. उमरी, बान्सी, भोजला अशा गावांतून त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं. पुढे अमरावती, मग नागपूरचं नील सिटी हायस्कूल आणि मॉरिस कॉलेज. प्रत्येक टप्प्यावर घर आणखी लांब. मास्तर, पुस्तक, फी हे सगळं नंतरचं. रात्री झोपायचं कुठे आणि सकाळी भाकर कोण देणार, हा त्या काळच्या प्रत्येक खेड्यातल्या मुलापुढचा पहिला प्रश्न होता. नाईकांच्या घरी जमीनजुमला होता, म्हणून तो सुटला. ज्यांचा सुटला नाही त्यांची नावं कुठल्याच चरित्रात आलेली नाहीत.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत आधी नीट ओळखला तो शाहू महाराजांनी. १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींसाठी म्हणून काढलेलं वसतिगृह पाहता पाहता ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतंच उरलं. तेव्हा १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी एकेका समाजाची बोर्डिंगं. यातला एक भाग आज सहसा बोलला जात नाही. महाराजांनी जागा दिली, देणगी दिली, पण चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजावर टाकली. शिकून नोकरीला लागलेल्याने मागच्यासाठी वर्गणी द्यायची, ही सवय तिथे लागली. माजी विद्यार्थ्यांचा निधी ज्याला आपण आज म्हणतो, त्याची आपल्याकडची एक जुनी मुळी या बोर्डिंगांत आहे.

त्यात एक उणीव होती आणि ती मोठी होती: निधी जातीचा, म्हणून पंगतही जातीची. ती मोडली भाऊराव पाटलांनी. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका ओळीत जेवायला बसत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले, आणि बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पैसा आला कुठून? घरोघरच्या बायांनी बाजूला काढलेल्या मूठमूठ धान्यातून, आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांतून. कोठी रिकामी झाली तेव्हा त्या माउलीने मंगळसूत्रही मोडलं. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा आजचा पसारा बघताना ही कोठी डोळ्यांपुढे ठेवावी असं मला कळकळीने वाटतं. इकडे वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनीही असंच छात्रालय काढलं. १९३२ साली त्यांची शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली, पण अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय त्याआधीचं. वसंतरावांनी वकिलीचे पहिले धडे गिरवले ते याच पंजाबरावांच्या हाताखाली. पुसद आणि दिग्रसच्या छात्रालयांचं गोत्र शोधायला फार लांब जायला नको.

अमेरिकेत वसतिगृह आणि माजी विद्यार्थी यांच्या या नात्याने वेगळं रूप घेतलं. तिथल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावं असलेली विद्यार्थिमंडळं असतात. फाय बीटा कॅपा हे त्यांतलं पहिलं, १७७६ सालचं. पुढच्या शतकात अशा अनेक मंडळांनी स्वतःची घरं घेतली. मुलं त्या घरात एकत्र राहतात, जेवतात, आणि बऱ्याच ठिकाणी घराची मालकी माजी सदस्यांच्या संस्थेकडे असते. छप्पर गळलं की तीच वर्गणी काढते. या घरांची काळी बाजूही आहे: नव्या मुलांचा छळ, त्यात गेलेले जीव. आपण त्यांना नावं ठेवू नयेत. महाराष्ट्राला १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, तो आपल्याच वसतिगृहांमुळे. एका छताखालची सोबत माणसाला जन्मभर पुरते. त्याच छताखाली सिनियरच्या हाती अमर्याद सत्ता गेली की पोरं उद्ध्वस्त होतात. रेक्टर जागा हवा आणि माजी विद्यार्थ्यांचं येणंजाणं हवं, ते यासाठीही.

पुसदच्या विद्यार्थिजीवनाला कलाटणी मिळाली १९८३ मध्ये. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि जनता शिक्षण प्रसारक मंडळाचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, पुसदला उभं राहिलं. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं. ज्या तालुक्यातून मुलं शिकायला बाहेर जात होती, तिथे आता बाहेरची मुलं येऊ लागली. रेल्वे नाही, एसटीने यायचं, ट्रंक टपावर. ज्याला कॉलेजच्या होस्टेलमध्ये जागा मिळाली नाही तो गावात रूम करून राहायचा. एका खोलीत तिघे, मेसचा डबा, सबमिशनच्या रात्री, गॅदरिंगची तालीम, पूस नदीला आलेलं पाणी बघायला केलेली धावपळ. चार वर्षांत पुसद त्यांचं दुसरं गाव होऊन जायचं.

पहिल्या बॅचेसची ती मुलं आता साठीच्या आसपास आहेत. दिवाळीच्या सुट्टीत बॅचचे स्नेहमेळावे भरतात, मोबाइलवरचे ग्रुप भरून वाहतात, गुरुजनांना शाल-श्रीफळ दिलं जातं. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण मेळाव्यासाठी जमलेली रक्कम हॉल आणि जेवणावळीत संपते, आणि कुणी काही कायमचं द्यायचं म्हटलं की गाडी प्रवेशद्वार किंवा पुतळ्याकडे वळते. दगडावर नाव कोरता येतं. गॅस सिलिंडरवर येत नाही.

मोठ्या संस्थांची गोष्ट निराळी. माजी विद्यार्थी नंदन नीलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. त्यांच्या आधीच्या देणग्यांतून तिथे नवी वसतिगृहंही झाली. त्याच वर्षी १९९८च्या बॅचने ५७ कोटी जमवले. पुसदने असे आकडे डोळ्यांपुढे ठेवू नयेत. ठेवायचंच तर पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीचं उदाहरण ठेवावं. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली ही समिती खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात ठेवते, जात विचारत नाही, कामं मुलांनाच वाटून देते. तिथे राहून गेलेली माणसं पुढे तिचा आधार होतात, कारण आपण कुणाच्या पैशावर जेवलो हे त्यांना पक्कं माहीत असतं.

हिशेब करून पाहू. समजा मेसचे महिन्याला ३,००० रुपये पडतात. दहा महिन्यांचे ३०,००० झाले. बँकेत सहा टक्के व्याज धरलं तर एवढं उत्पन्न ५ लाखांच्या ठेवीतून येतं. पन्नास जणांच्या बॅचने प्रत्येकी १०,००० दिले की एका मुलाच्या जेवणाची सोय झाली, आणि तो पास होऊन गेला की त्याच व्याजावर दुसऱ्याची. महागाई वाढेल, म्हणून दर काही वर्षांनी ठेवीत भर घालावी लागेल. तरीही ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही.

मात्र हा व्यवहार एखाद्या मित्राच्या बचत खात्यावर करू नये. माजी विद्यार्थी संघ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला हवा, हिशेब दरवर्षी तपासलेले हवेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनेही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण ठेवले होते, म्हणून बऱ्याच महाविद्यालयांत असे संघ कागदावर तयार असतात; त्यात जीव ओतणं तेवढं राहतं. २,००० रुपयांवरची देणगी रोखीने दिली तर तिच्यावर आयकरात सवलत मिळत नाही. परदेशी गेलेल्या वर्गमित्रांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याचा ठरतो, आणि तो घ्यायला संस्थेकडे वेगळी परवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. चांगल्या हेतूने केलेली घाई इथे महागात पडते.

पहिला निधी मुलींच्या जेवणा-राहण्यासाठी असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. खोलीचं भाडं आणि मेसचं बिल मात्र त्या माफीत येत नाही. महागाव किंवा उमरखेडकडच्या खेड्यातल्या बापाला आता फीची चिंता नाही. पोरगी पुसदला राहील कुठे आणि जेवेल काय, एवढंच तो विचारतो. पुसदमधून शिकून गेलेल्या पहिल्या बॅचेसना याचं उत्तर एका दिवाळीत देता येण्यासारखं आहे.