अ.पा.क. : सातबाऱ्यावरची तीन अक्षरं

वडील गेले त्या वर्षी मी आठवीत होतो. वारसनोंदीचा फेरफार मंजूर झाला आणि नवा सातबारा घरी आला. खातेदारांच्या रकान्यात आईच्या नावाखाली माझं नाव होतं आणि त्यापुढे तीन अक्षरं : अ.पा.क. मग पुन्हा आईचं नाव. तलाठी भाऊसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अज्ञान पालनकर्ता. तू अज्ञान, आई पालनकर्ती." वर्गात पहिल्या पाचांत नंबर असलेल्या मुलाला तो शब्द फार लागला. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेला, एवढंच, हे कळायला पुढची काही वर्षं गेली.

त्याच सुमाराला वडिलांच्या दुखण्यातलं देणं फेडायला आईने अर्धा एकर विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक तयार होतं. वकील म्हणाले, "ताई, तुमचा हिस्सा तुम्ही विका. मुलाच्या हिश्श्याला मात्र जिल्हा न्यायालयाची परवानगी लागेल." आई घरी आली, उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "माझ्याच पोराचं मी खाणार आहे का?"

पालकत्वाचे कायदे वाचताना, कोर्टाच्या व्हरांड्यात लोकांशी बोलताना, हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू आला. तो विचारणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात. पण मुलाचं खाणाराही हेच, याच आवाजात विचारतो, आणि दोघांना वेगळं ओळखण्याचं साधन कायद्याकडे नाही. म्हणून तो सगळ्यांनाच हिशेब विचारतो. निदान विचारायला हवा.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा. त्याचं आठवं कलम सांगतं की नैसर्गिक पालकाला, म्हणजे सख्ख्या आईबापालाही, अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. परवानगी मिळते ती गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच. परवानगी न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं. त्याला मुदत तीन वर्षांची. आमच्या अर्जावर न्यायालयाने देण्यापुरती विक्री मंजूर केली आणि माझ्या वाट्याची उरलेली रक्कम अठरा पूर्ण होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगितली. वडिलांची जमीन वाटणीत वेगळी झालेली होती म्हणून हे घडलं. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीतल्या मुलाच्या हिश्श्याला हे संरक्षण नाही. तिथे कर्ता पुरुष आपल्या अधिकारात व्यवहार करतो. खेड्यापाड्यांत किती जमीन अजून तशीच सामाईक आहे हे पाहिलं, की ही फट किती रुंद आहे ते कळतं.

दुसरी फट आईच्या बाबतीतली. याच कायद्याचं सहावं कलम म्हणतं : नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, असंही तेच कलम सांगतं. म्हणजे रात्री जागायचं आईने आणि सही करायची बापाने. माझी आई पालनकर्ती झाली ती वैधव्य आलं म्हणून. शेजारच्या गल्लीतली, नवऱ्याने टाकलेली बाई दोन मुली एकटीने वाढवत होती. तिचा नवरा जिवंत असल्यामुळे ती कागदावर कोणीच नव्हती.

न्यायालयांनी हे कलम वाकवत वाकवत माणसात आणलं आहे. १९७० मध्ये विदर्भातल्या एका कूळजमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. बाप हयात होता, पण वर्षानुवर्षं वेगळा राहत होता आणि मुलीचा सगळा व्यवहार आई पाहत होती. तिथे आईलाच नैसर्गिक पालक मानलं गेलं. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले, तेव्हा बापाची सही मागितली गेली. त्या न्यायालयात गेल्या. १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' असा न घेता 'त्याच्या अनुपस्थितीत' असा घेतला. मग ती अनुपस्थिती दुराव्यामुळे असो, बेफिकिरीमुळे असो की आजारपणामुळे. २०१५ मध्ये अविवाहित आईला, बापाचं नाव न सांगता आणि त्याला नोटीस न देता, पालकत्व मागण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी विधी आयोगाने २५७ व्या अहवालात आईबापांना समान दर्जा द्यावा, असं सुचवलं. कलमाचे मूळ शब्द मात्र अजून तेच आहेत. मुस्लिम कायद्यात लहान मुलाचा ताबा आईकडे असला, तरी मिळकतीचा पालक बाप आणि मग आजोबा. तिथेही आईची सही शेवटीच येते, किंवा येतच नाही.

दोन्ही पालक नसलेल्या मुलांसाठी १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आहे. इंग्रजी अमदानीतला हा कायदा त्याच्या वयाच्या मानाने शहाणा आहे. पालक नेमताना मुलाचं वय, धर्म, नातं, अर्जदाराची वागणूक, गेलेल्या आईबापांची इच्छा, सगळं पाहावं. मूल समजतं झालं असेल तर त्याचंही मत विचारात घ्यावं, असं तो म्हणतो. पालक हा विश्वस्त आहे आणि त्याने त्या पदातून स्वतःचा फायदा करून घेऊ नये, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. न्यायालय त्याच्याकडून मिळकतीची यादी आणि हिशेब मागवू शकतं. पण मी पाहिलेल्या प्रकरणांत आदेश झाला, प्रमाणित नक्कल मिळाली, की दप्तर बांधलं जातं. मुलाचं खरं पालकपण तिथून सुरू होतं आणि न्यायालयाचं लक्ष तिथेच संपतं.

कोविडने हे उघडं केलं. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. केंद्राची दहा लाखांची योजना आली. मदत आली हे चांगलंच झालं. पण मुलाला जेवू घालणारी आजी एकीकडे आणि कागदांवर सही करायला पुढे झालेला काका दुसरीकडे, असं अनेक घरांत घडलं. अशा आजीला कुणीतरी बाल कल्याण समितीचा पत्ता सांगावा लागतो, बाल संगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा लागतो. तिला कायदा माहीत नसतो, आणि कायद्यालाही तिचं घर सापडत नाही.

आपल्या इतिहासात याची मोठी उदाहरणं आहेत. अनाथ बालकाचं धन तो जाणता होईपर्यंत राजाने सांभाळावं, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितलं आहे. पण बालकच राजा असेल तर? नारायणरावांच्या खुनानंतर, १७७४ मध्ये, सवाई माधवरावांचा जन्म झाला तेव्हा सर्वांत जवळचा वडीलधारा पुरुष होता रघुनाथराव, आणि त्यालाच गादी हवी होती. पाळण्यातल्या पेशव्याचा कारभार सांभाळला तो बारभाईंनी, म्हणजे दरबारातल्या मुत्सद्द्यांच्या मंडळाने. जवळचं नातं आणि पालकपण यांची फारकत इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेतून गोव्यात कुटुंब-परिषदेची कल्पना आली, तिच्या मुळाशीही हीच सावधगिरी आहे : एकट्या पालकावर सगळं सोपवू नये, चार आप्तांनी मिळून नजर ठेवावी.

कोल्हापूरची गोष्ट याहून मनाला लागणारी. चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये लहान वयात दत्तक आले. पुढे त्यांना वेड लागल्याचं ठरवलं गेलं आणि कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. महाराज खरोखर आजारी आहेत की त्यांना आजारी केलं जातंय, ही चर्चा साऱ्या महाराष्ट्रात होती. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले, पुराव्यादाखल पत्रं छापली. ती खरी ठरली नाहीत. अब्रूनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांच्या 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस'मुळे तो तुरुंग आपल्या लक्षात राहिला. ज्याच्यासाठी हे सगळं घडलं तो विशीतला मुलगा मात्र विस्मरणात गेला. १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगरला, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्याचा अंत झाला. त्यानंतर दत्तक आले शाहू महाराज. तेही अज्ञान, तिथेही पालकांचा कारभार. पण १८९४ मध्ये त्यांच्या हाती अधिकार आले आणि पुढचा इतिहास आपण जाणतो.

एकाच गादीवर, एकामागोमाग एक, दोन पालकत्वं. वयामुळे आलेलं कॅलेंडरने संपवलं. मनाच्या आजारामुळे आलेल्या पालकत्वाला शेवटची तारीखच नव्हती, आणि पालनकर्ते काय करताहेत हे त्या मुलाने कुणाला सांगितलं असतं, तरी ते वेड्याचं बोलणं ठरलं असतं. सज्ञान पण असमर्थ ठरवलेल्या माणसाच्या पालकत्वाकडे मुलांच्या पालकत्वाहून जास्त कडक नजरेने पाहावं, असं मला वाटतं ते यासाठी.

कायद्याला हे उशिरा का होईना, उमगलं. १९१२ च्या वेडेपणाच्या कायद्यात आणि त्यानंतरच्या १९८७ च्या कायद्यात चौकशी करून माणसाचा आणि मिळकतीचा पालक नेमण्याची पद्धत होती. एकदा शिक्का बसला की माणूस जवळजवळ पुसला जाई. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आला. त्यात कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यायची आणि दर वर्षी हिशेब सादर करायचा. भारताने २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्या वाटेने २०१६ च्या दिव्यांग कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आलं : ठरावीक कामासाठी, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडू दिला, पण तो उपचारांपुरता. मिळकतीच्या पालकाची जुनी तरतूद गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही.

या रिकाम्या जागेत आज हजारो घरं उभी आहेत. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, मेंदूतल्या रक्तस्रावानंतर बेशुद्ध पडून असलेला कमावता नवरा. यांच्यासाठी वेगळा कायदाच नाही. मुखत्यारपत्र करून ठेवलं असेल, तर देणाऱ्याचं मन अस्थिर होताच ते संपतं. म्हणजे छत्री उघडायची वेळ आली की काड्या गळून पडतात. मग बायको उच्च न्यायालयात रिट याचिका करते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्ध पतीच्या पत्नीला पालक नेमताना विधी सेवा प्राधिकरणाला देखरेख करायला सांगितलं. ती देखरेख मला त्या आदेशातला सर्वांत मोलाचा भाग वाटते. पण रिट करण्याची ऐपत नसलेली घरं एटीएमचा पिन आठवून, अंगठा धरून, कसंबसं निभावतात. नातं नसलेल्यांनीही पालकपण कसं निभवावं, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवलं. दीर्घ काळ अचेतन पडून असलेल्या तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबाबतच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा मान त्यांना दशकानुदशकं सांभाळणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्यांना दिला.

माझा मावसभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मतिमंदत्वाचं प्रमाणपत्र आहे त्याच्याकडे. मी त्याला दादा म्हणतो. मावशी सत्तरी ओलांडल्यावर एकच विषय काढायची : "आमच्यानंतर काय रे?" अशा मुलांच्या आईबापांच्या बैठकांना मी गेलो आहे, तिथे हे वाक्य नमस्कारासारखं ऐकू येतं. शेवटी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला. चौकशीला आलेल्या बाईंनी दादाला थेट विचारलं, "तुम्हाला कुणाकडे राहायला आवडेल?" त्याच्या वतीने उत्तर द्यायला आम्ही तिघांनी एकदमच तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला आणि वाट पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने दादाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "पण माझा रेडिओ न्यायचा."

मावशी गेली. कागदावर आता मी त्याचा पालक आहे. पहिल्या वर्षीचा हिशेब लिहायला बसलो तेव्हा आईने ट्रंकेतून एक लाल बासनी वही काढून दिली. अर्ध्या एकराच्या विक्रीपासून माझ्या अठराव्या वाढदिवसापर्यंतचा, माझ्या हिश्श्याचा पैन्‌पै हिशेब त्यात होता. फाउंटन पेनची शाई, कंपासपेटी, ठेवीचं व्याज. तिच्याकडे हा हिशेब कुणीही मागितला नव्हता. शेवटच्या पानावर अ.पा.क.चा शेरा कमी केल्याचा फेरफार क्रमांक लिहिलेला होता, आणि खाली रेघ.

दादाच्या वहीत अशी रेघ येणार नाही. पहिल्या पानावर मी तारीख घातली आणि लिहिलं : रेडिओचे सेल, चार, त्याने स्वतः दुकानात जाऊन घेतले.