नगरच्या अ‍ॅनानं झाकलेलं गाव

पेडगावच्या बचत गटांकडून आज आम्ही एका कादंबरीची गोष्ट सांगणार आहोत. तिच्यामागच्या खऱ्या बाईची गोष्टही सांगू, कारण ती बाई आपल्या मुलखातली होती.

कादंबरीचं नाव ‘अ‍ॅना अँड द किंग ऑफ सयाम’. मार्गारेट लँडन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९४४ साली आली. सयाम म्हणजे आजचं थायलंड. एक विधवा इंग्रज बाई राजवाड्यात गव्हर्नेस, म्हणजे मुलांना शिकवणारी बाई, म्हणून जाते. हट्टी राजाशी तिचे खटके उडतात, तरी दोघांना एकमेकांची किंमत कळते. यावर पुढं नाटक आणि सिनेमेही निघाले. त्यांत प्रेमाचा रंग चढला.

खरी अ‍ॅना लिओनोवेन्स १८६२ ते १८६७ अशी पाच वर्षं राजा मोंगकुटच्या राण्यांना आणि मुलांना शिकवत होती. आपला जन्म वेल्स देशातला, वडील कॅप्टन, नवरा लष्करी अधिकारी, असं ती सांगायची. जगानं ते खरं मानलं. ती १९१५ साली वारली. त्यानंतर साठेक वर्षांनी एका अभ्यासकानं जुनी दप्तरं तपासली, तेव्हा उलगडा झाला. अ‍ॅनाचा जन्म १८३१ सालचा, आपल्या अहमदनगरचा! वडील कंपनी सरकारच्या पलटणीत साधे सार्जंट. ते तिच्या जन्माआधीच गेले. तिची आजी हिंदुस्थानी असावी, असं अभ्यासक मानतात. नवरा कारकुनी करणारा. १८५९ साली तो वारला, आणि पदरात दोन लेकरं राहिली.

मग तिनं हे का लपवलं? त्या काळी गोऱ्या घरांत शिकवायला ‘चांगल्या घरची’ इंग्रज बाईच लागे. छावणीत जन्मलेल्या, मिश्र रक्ताच्या बाईला ती नोकरी कोण देणार? शिकवण्याची अक्कल अ‍ॅनाकडं होती, नव्हतं ते मोठं कूळ. लेकरं जगवायला तिनं नवं कूळ रचलं.

हे आम्हाला परकं वाटत नाही. गटाचा फॉर्म भरताना ‘नवऱ्याचं नाव’ या रकान्यापाशी किती जणींचा हात थांबतो! टाकून दिलेली बाई कधी ‘तो पुण्याला कामाला आहे’ म्हणते. आपण तिला खोटारडी ठरवायचं, की तिला असं बोलायला लावणाऱ्या नजरा बदलायच्या?

पण अ‍ॅनाची दुसरी बाजूही बघू. १८७० आणि १८७३ साली तिनं सयामवर दोन पुस्तकं लिहिली. त्यांत राजाच्या क्रूरपणाच्या काही कथा आहेत. त्यांना पुरावा मिळत नाही, असं इतिहासकार म्हणतात. मोंगकुट स्वतः विद्वान होता, राजा होण्याआधी सत्तावीस वर्षं भिक्खू होता. थायलंडमध्ये या गोष्टीवरच्या सिनेमांना बंदी घातली गेली.

आम्ही यात फरक करतो. पोटासाठी स्वतःबद्दल काही झाकणं वेगळं, आणि दुसऱ्याची बदनामी होईल असं रचून सांगणं वेगळं. पहिल्याला आपण समजून घेऊ. दुसऱ्याला माफी देताना दहादा विचार करू.

तेव्हा ‘सत्यकथेवर आधारित’ असं लिहिलेलं दिसलं, की विचारा: कुणी सांगितली, आणि कुणाबद्दल? आणि पुढच्या बैठकीत एखादी फॉर्मपाशी अडखळली, तर तो रकाना तिला एकटीला, शांतपणे भरू द्या.